खालच्या खुंट्या

सकाळची शिकवणी आटोपून मास्तर घरी आले तेव्हा मावशी दाराच्या आतल्या बोळात पिशवी हातात धरून उभी होती.

"बाहेर निघालात की बाहेरून आलात?" मास्तरांनी विचारलं.

"आले. केव्हाची आले. पिशवी कुठे अडकवायची ते बघतेय."

मास्तरांनी भिंतीकडे पाहिलं. वरच्या दोन खुंट्या जागच्या जागी होत्या. एकीवर आत्याची काळी छत्री होती. आत्या जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण ती छत्री काढायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. दुसरीवर मास्तरांच्या बायकोचा निळा स्कार्फ होता, आणि तो काढायचं मास्तरांच्या मनात अजून यायचं होतं. या दोन खुंट्यांच्या खाली, हातभर अंतरावर, आणखी दोन असायच्या. तिथे आता दोन भोकं होती. खुंट्या बादलीत पडल्या होत्या आणि बादलीशेजारी एक अनोळखी गवंडी घमेल्यात माल कालवत बसला होता.

मास्तरांचं सगळं आयुष्य लोकांना गाडी शिकवण्यात गेलं होतं. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. त्या सवयीने, कुठेही काही चुकतंय असं दिसलं की मास्तरांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. सिनेमा बघताना, दवाखान्यात, एकदा तर स्वतःच्या लग्नात फोटो काढताना. आताही दाबला गेला. गवंडी काही थांबला नाही.

"हे कोणी सांगितलं?"

"साहेबांनी," गवंडी म्हणाला. "आधी ही भोकं बुजवायची, मग खिडकी सरळ करायची, मग ओटा. दुपारपर्यंत आटपा म्हणालेत. पाहुणे येणार आहेत ना?"

मास्तरांनी मावशीकडे पाहिलं. ती हसली. नव्वदीला टेकलेली बाई, मास्तरांच्या खांद्यापर्यंतसुद्धा न पोचणारी, कपाळावर सरकवलेलं घड्याळ दुरुस्तीचं भिंग तसंच.

"मला ठोकाठोक ऐकू आली. वाटलं, पाटीसाठी खिळा मारतायत."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मी काय बोलणार? तुमच्या आत्याचं घर. तिची पोरं बघतील."

तिने पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि ती आपल्या कामाच्या खोलीकडे निघून गेली.

हे ती नेहमीच म्हणायची. आत्याचं घर. आत्या एका बांधकाम कंपनीत नकाशे काढायची. हे घर तिने स्वतःच्या हाताने कागदावर काढलं, आणि ते उभं राहिल्यापासून दोघी इथे राहिल्या. मावशी घड्याळं दुरुस्त करायची. ती कोणाचीच मावशी नव्हती. पण भावाची पोरं सुट्टीला आली की तिला काहीतरी म्हणावं लागणार, म्हणून मावशी. आत्यामागून घर भावाच्या तीन पोरांच्या नावावर झालं: दादा, मधली आणि धाकटी. मधली म्हणजे मास्तरांची बायको. तिने आणि मास्तरांनी या दोघींच्या म्हातारपणाला सोबत म्हणून इथेच संसार केला. मधली दोन वर्षांपूर्वी गेली आणि तिचा तिसरा हिस्सा मास्तरांकडे आला. मावशीच्या नावावर या घरात काहीच नव्हतं, आणि तिने ते कधी बोलूनही दाखवलं नव्हतं.

मधलीचं मनगटी घड्याळ अजून मावशीच्या टेबलावर होतं. रोज सकाळी मावशी त्याला किल्ली द्यायची. त्याबद्दल दोघं कधी बोलले नव्हते.

मास्तर स्वयंपाकघरात गेले.

तिथे तिघंजण पाटीवर काय लिहायचं यावरून भांडत होते. जुनी घरं जपणाऱ्या समितीने आत्याचं घर आपल्या यादीत घ्यायचं ठरवलं होतं. समितीची बाई आज येणार होती. तिघाही मालकांनी हो म्हटलं की घर यादीत जाणार, रस्त्याकडच्या भिंतीवर पाटी लागणार, आणि मग ते कोणाला पाडता येणार नाही, विकून तिथे इमारत उभी करता येणार नाही. मावशीला शेवटपर्यंत हलावं लागणार नाही, हा त्यातला मास्तरांचा हिशेब. बाकीच्यांना पाटीचं अप्रूप जास्त होतं.

"या मास्तर," दादा म्हणाले. "तुम्हीच सांगा. 'नामवंत वास्तुरचनाकार यांचे निवासस्थान.' वाईट आहे?"

"चांगलं आहे," धाकटी म्हणाली. "आणि मावशी कुठे निवास करत होती? माळ्यावर?" धाकटी पोहायला शिकवायची. तलावाच्या या काठावरून त्या काठाला ओरडायची सवय असल्याने ती घरातही तशीच बोलायची.

"तिचंही नाव घालू की. 'सहकाऱ्यासह' असं लिहू."

"सहकारी कशाची? आत्या काय घड्याळं दुरुस्त करायची?"

"मैत्रीण लिहा," वहिनी म्हणाल्या. त्या शाळेत शिकवायच्या आणि घरी वह्या तपासायच्या. आत्ता त्या ओट्याच्या खालच्या बाजूला पाव कापत होत्या. "साधा शब्द आहे. कोणाला खटकणार नाही."

"वहिनी, मैत्रिणी रविवारी येतात आणि चहा पिऊन घरी जातात. ही साठ वर्षं गेली नाही."

"मग काय लिहायचं म्हणतेस?"

"जे आहे ते."

वहिनींनी सुरी खाली ठेवली. "शाळेतली निम्मी पोरं या रस्त्याने जातात. उद्या वर्गात मला विचारतील."

"विचारू देत. आपण विचारलं कधी? जगात एवढं एकच घर असेल जिथे आत्या आणि मावशी एका खोलीत झोपायच्या आणि कोणाला काही प्रश्न पडला नाही."

"प्रश्न पडला नाही असं नाही," दादा म्हणाले. "बाबा म्हणाले होते, विचारायचं नाही. म्हणून विचारलं नाही. ते जाऊ दे. दाराबाहेर बोर्ड लावून सांगायची काय गरज आहे?"

"बोर्ड तूच लावतोयस दादा."

मास्तर इतका वेळ दारात उभे होते. या घरात ते जावई होते, आणि जावयाने घरच्यांच्या भांडणात पडू नये हे त्यांनी पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. शिवाय त्यांच्या वाटचं बोलायला मधली होती. ती असती तर एव्हाना गवंडी पाव खात बसला असता आणि दादा खुंट्या ठोकत असते.

"दादा," ते म्हणाले, "खुंट्या का काढल्या?"

दादांचा चेहरा उजळला. "बघितलंत का? मला वाटलं सगळं झाल्यावर दाखवू. म्हटलं, घर यादीत जातंय, लोक बघायला येणार, तर जरा नीटनेटकं करू. त्या पोरांच्या खुंट्या, ती वाकडी खिडकी. मास्तर, मी शाळेत असताना मला 'वाकड्या खिडकीवाला' म्हणायचे. सुट्टीत इथे आलो की रस्त्यावरची पोरं विचारायची, तुमच्या गवंड्याने पिऊन बांधलं का रे? मी तेव्हाच ठरवलं होतं, मोठा झालो की ही खिडकी सरळ करणार."

दादांचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या नाकावरच्या काड्या सरळ करायच्या, त्यामुळे वाकडं काही दिसलं की त्यांचा हात शिवशिवायचा. आणि ती खिडकी होतीच तशी. कामाच्या खोलीतली लांबच लांब, उत्तरेची. उजवीकडची अर्धी चौकट कमरेच्या वर सुरू व्हायची, आणि मध्यावर येऊन खाली उतरायची, पायरी उतरावी तशी. वरच्या भागापाशी आत्याचा नकाशांचा फळा, जिथे ती उंचपुरी बाई उभ्याने काम करायची. खालच्या भागापाशी मावशीचं टेबल.

"आणि ओटा?" मास्तरांनी विचारलं.

"कुठला ओटा?" वहिनींनी मान वर केली.

"हाच. अर्धा वर, अर्धा खाली," दादा म्हणाले. "खालचा भाग उचलून एका रेषेत आणायचा. किती चमत्कारिक दिसतो."

"ओट्याला हात लावायचा नाही."

"अगं, पण—"

"लग्न होऊन आल्यापासून मी या घरात कधीही आले तरी माझी कंबर दुखत नाही. आपल्या घरी दुखते, तुझ्या आईकडे दुखायची, इथे दुखत नाही. या ओट्यामुळे. मी मनातल्या मनात त्या गवंड्याला किती दुवा दिलाय. आणि तू तो उचलणार? मला न विचारता?"

धाकटी हसायला लागली. "गेली तुझी बाजू दादा. आता दोघी इकडे."

"मी कोणाच्याही बाजूला नाही," वहिनी म्हणाल्या. "मी ओट्याच्या बाजूला आहे."

दादा मास्तरांकडे वळले. "तुम्ही तरी सांगा. पुरुषाला पुरुषाची अडचण कळते."

मास्तरांच्या पायाने पुन्हा ब्रेक दाबला. त्यांना वाटलं, गाडीत निदान शेजारचा थांबतो तरी. मग त्यांना आठवलं, पहिल्यांदा मधलीला गाडीत बसवलं तेव्हा ती दोन ब्रेक बघून म्हणाली होती, तुझी गाडी आणि आत्याचं घर एकाच जातीचं, दोघांसाठी बनवलेलं. तेव्हा ते नुसते हसले होते. घराचं त्यांना तेव्हा काही माहीत नव्हतं.

"दादा," ते म्हणाले, "खुंट्या परत लागल्याशिवाय मी समितीला हो म्हणणार नाही."

बोळात गवंड्याची थापी चालूच होती. धाकटीने दोन ढांगांत बोळ गाठला आणि "थांबा हो जरा" असं ओरडली. थापी थांबली.

"तुम्ही?" दादा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. खुर्ची बोलली असती तर जेवढं नवल वाटलं असतं तेवढं होतं.

"मी."

"दोन खुंट्यांसाठी? मास्तर, पोरांच्या खुंट्या त्या. मी, मधली, ही. आता घरात पोरं आहेत का?"

"तुम्ही केव्हा जन्मलात?"

"म्हणजे?"

"घर आधी की तुम्ही आधी?"

"घर आधी. आईबाबांचं लग्न व्हायचं होतं. का?"

"मग खुंट्या कोणत्या पोरांसाठी?"

दादांनी तोंड उघडलं. "पुढे होतील म्हणून."

"कोणाला?" धाकटी दारातून म्हणाली. "आत्याला?"

मास्तरांनी बाकीचं दादांवर सोडलं. नव्या माणसाला गाडीत बसवलं की ते आधी सीट पुढेमागे करतात, आरसा त्याच्या डोळ्यांना लावतात, आणि मग तो हात कुठवर पोचतो ते बघतात. मावशी रोज पिशवी कुठे अडकवते हे त्यांनी तसंच पाहिलं होतं. अलीकडे ती टाचा किंचित उचलते हेही. पण हे सांगून दादांना पटलं नसतं. दादांना ते स्वतःलाच दिसायला हवं होतं.

दादा उठले आणि बोळात गेले. सगळे त्यांच्या मागे. दादा त्या दोन भोकांसमोर उभे राहिले. त्यांच्या कुटुंबात ती भिंत म्हणजे परीक्षा होती. सुट्टीला आलं की पोराने खालच्या खुंटीवर दप्तर अडकवायचं. ज्या वर्षी टाच न उचलता वरच्या खुंटीला हात लागेल, त्या वर्षी दप्तर वर जायचं. मग मावशी आपल्या खोलीतून एक दुरुस्त केलेलं घड्याळ आणून मनगटावर बांधायची. तिघांनाही असं घड्याळ मिळालं होतं. दादांच्या मनगटावर ते आजही होतं. पट्टा चार वेळा बदललेला, यंत्र तेच.

"इथे माझं दप्तर," दादा म्हणाले. "इथे मधलीचं. तू तेव्हा पाळण्यात."

"आणि मावशीची पिशवी?" मास्तरांनी विचारलं.

दादांनी कपाळाला आठ्या घातल्या. "पिशवी खुर्चीवर असायची. त्या कोपऱ्यात एक खुर्ची होती. आई म्हणायची, त्यांना सांग कोणीतरी, येताजाता पायात येते." ते थांबले. "सुट्टी संपली, आम्ही निघालो, की आत्या ती खुर्ची आत उचलून न्यायची. मी बघितलंय. टांग्यात बसताना मी बघितलंय ते."

वहिनींनी त्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"म्हणजे वर्षभर पिशवी इथे," दादा म्हणाले. त्यांनी एका भोकावर बोट ठेवलं. "आम्ही आलो की खुर्चीवर."

"आणि आपण म्हणायचो, आमच्या खुंट्या," धाकटी म्हणाली. ती पहिल्यांदाच हळू बोलली.

"खिडकीसुद्धा?" वहिनींनी विचारलं.

"खिडकी, ओटा, जिन्याचे दोन कठडे. आणि मोरीतले दोन आरसे," धाकटीने बोटांवर मोजलं. "अरे देवा, आपण म्हणायचो खालचा आरसा पाय बघायला आहे."

दादा जिन्याच्या पायरीवर बसले. मग हसायला लागले. आधी थोडं, मग इतकं की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "मी सरळ करत होतो," ते म्हणाले. "मी तिला घरातून पुसत होतो आणि वर गवंड्याला म्हणत होतो, जरा सफाईने कर."

"साहेब," गवंडी म्हणाला, "माल सुकतोय."

नेमकी तेव्हाच दारावर थाप पडली. समितीची बाई दुपारी यायची ती अकरालाच हजर झाली होती. छोटीशी बाई, पाठीला भली मोठी पिशवी. दारातून आत पाऊल टाकताच तिने पिशवी खांद्यावरून उतरवली आणि हात भिंतीकडे नेला. हात तिथे खुंटी असावी अशाच बेताने गेला, आणि रिकाम्या भोकावर थांबला.

"इथे काही होतं का?" तिने विचारलं.

"होतं," चौघंही एकदम म्हणाले.

तिने भोकं पाहिली, बादली पाहिली, घमेलं पाहिलं, आणि मग सगळ्यांचे चेहरे. तिला समजायला वेळ लागला नाही.

"नीट करत होतात ना?" ती म्हणाली. "लाजू नका. सगळे करतात. दोघांनी आपल्यापुरती बांधलेली घरं आम्हाला फार कमी सापडतात. मागे एक होतं, दोन चित्रकारांचं. त्यांनी मधल्या भिंतीतल्या कपाटाला मागून दार ठेवलं होतं, म्हणजे रस्त्यावरून दोन घरं दिसायची आणि आतून एक. पुतण्याने कपाट काढून भिंत पक्की बांधली. चोरांच्या भीतीने. आम्ही पोचलो तेव्हा खरोखरच दोन घरं झाली होती." तिने पिशवी जमिनीवर ठेवली. "तुमच्याकडे किती झालंय?"

"दोन खुंट्या," दादा म्हणाले. "माझ्या हातून तेवढंच झालं. मास्तरांनी ब्रेक मारला."

मास्तरांनी खाली पाहिलं. पाय खरंच दाबलेला होता. त्यांनी तो उचलला.

आवाज ऐकून मावशी आपल्या खोलीच्या दारात आली होती. पिशवी अजून हातातच होती.

"पाटीवर काय लिहायचं ते ठरलं का?" तिने विचारलं. "मघाशी भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. उजव्या कानाने येतं मला अजून. भाडेकरू लिहा की. कोणाला खटकणार नाही."

वहिनी लाल झाल्या. "मावशी, मी असं म्हटलं नाही."

"तू मैत्रीण म्हणालीस. तेही काही खोटं नाही. पुष्कळ वर्षं आम्हीही तेच सांगत होतो. मधली मला पाठीमागे आतोबा म्हणायची, माहितेय ना?"

धाकटीने तोंडावर हात धरला. आत्याच्या नवऱ्याला आतोबा म्हणायचं, आणि मावशीला आतोबा म्हणायचं ही तिघा भावंडांची लहानपणापासूनची चोरटी गंमत होती. मास्तरांनाही ते लग्नानंतर वर्षभराने सांगण्यात आलं होतं, कोणाला न सांगण्याच्या शपथेवर.

"तुला कसं कळलं?" दादांनी विचारलं.

"बाळा, तुम्ही जिन्यावर बसून कुजबुजायचात. आणि जिना लाकडी आहे. तुझ्या आत्याला इतकं आवडलं होतं ते. वाढदिवसाला मला खोट्या मिशा आणल्या होत्या तिने." ती थांबली. "त्या कुठेतरी असतील."

समितीची बाई सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होती. "मग पाटीवर काय?" तिने हळूच विचारलं. "मी घाई करत नाही."

दादांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मावशीकडे. मावशीने खांदे उडवले. तिला खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं.

"दोघींची नावं," दादा सावकाश म्हणाले. "एकीखाली एक नाही. शेजारी शेजारी. एक नकाशे काढायची, एक घड्याळं दुरुस्त करायची. आणि मग, हे घर दोघींनी स्वतःसाठी बांधलं."

"स्वतःसाठी नको," वहिनी म्हणाल्या. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या हातात अजून पावाचा तुकडा होता, आणि वही तपासताना असतो तसा चेहरा. "'एकमेकींसाठी' लिहा."

"आणि शाळेतल्या पोरांनी विचारलं तर?" धाकटी म्हणाली.

"तर सांगेन, वाचता येतं ना? मग पुन्हा वाचा."

मावशीने कपाळावरचं भिंग काढलं, पदराने पुसलं आणि पुन्हा तिथेच चढवलं.

मग खुंट्यांचा प्रश्न आला. गवंड्याने बादलीतून दोन्ही बाहेर काढल्या. "जुन्याच भोकात?"

"अर्थात," समितीची बाई म्हणाली. "मूळ जागा बदलायची नाही. यादीत ते महत्त्वाचं असतं."

"जसं होतं तसंच," दादा म्हणाले. दादांना आता जुन्या गोष्टींबद्दल फारच आदर वाटायला लागला होता. "तसूभरही इकडेतिकडे नको."

मास्तर खाकरले. "मावशी, पिशवी अडकवून दाखवा जरा. त्या भोकापाशी."

मावशीने हात वर केला. टाचा उचलाव्या लागल्या. तरी बोटं कशीबशी पोचली.

"मी आटलेय," ती म्हणाली. "माणसं आटतात. खुंट्या आटत नाहीत."

सगळे समितीच्या बाईकडे बघायला लागले. ती तशी प्रामाणिक बाई होती, अडचणीत पडली. "नियमाप्रमाणे," तिने सुरुवात केली.

"खुंट्या दोन आहेत," मास्तर म्हणाले. "एक तुमच्या यादीसाठी, जुन्या जागी. एक मावशीसाठी."

बाईने थोडा विचार केला. "दुसऱ्या भोकाचं काय?"

"राहू दे," दादा म्हणाले. "भोक राहू दे. कोणी विचारलं तर सांगू, इथे मूर्खपणा झाला होता."

मग दादांनी खिशातून पेन्सिल काढली आणि ते मावशीसमोर गुडघ्यावर बसले. साठीकडे झुकलेला, पोट सुटलेला माणूस, गुडघे कटकट वाजवत. "टाचा टेकव," ते म्हणाले. "चोरी नको. हात वर. अजून नको ताणूस. पोचतो तिथेच ठेव."

हे शब्द मावशीचे होते. तिघांपैकी प्रत्येकाला तिने या भिंतीपाशी असंच उभं केलं होतं. ती हसू दाबत हात धरून उभी राहिली आणि दादांनी तिच्या बोटांखाली बारीक रेघ मारली.

"वर चढलं की घड्याळ मिळायचं," ती म्हणाली. "खाली उतरलं की काय मिळतं?"

"पाटी," दादा म्हणाले.

गवंड्याने भोक पाडलं, माल भरला, खुंटी ठोकली, आणि आज हिला हात लावायचा नाही, उद्यापर्यंत वाळू द्या, असं बजावलं. मावशीने ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि त्याची पाठ वळताच पिशवी अडकवून टाकली. खुंटी जराशी खाली झुकली आणि तिथेच राहिली. वाकडी.

दादांचा हात शिवशिवला. तो पुढे जाणार तोच मावशीने त्यावर चापट मारली.

"माझ्या घरात कशाला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "आणि इतकी माणसं जमलीयत, चहा कोणी टाकलाय की नाही?"

धाकटी समितीच्या बाईला खिडकी दाखवायला घेऊन गेली, दादा गवंड्याला त्याच्या कामाचे पैसे घ्या आणि न केलेल्या कामाचे आभार घ्या असं समजावू लागले, वहिनी ओट्याकडे वळल्या. मावशीने आत्ता घराला काय म्हटलं ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मास्तरांच्या आलं होतं. त्यांनी हे सांगायला सवयीने डावीकडे मान वळवली. तिथे निळा स्कार्फ होता.

"ऐकलंस ना?" ते हलक्या आवाजात म्हणाले.

"काय म्हणालास?" मावशीने विचारलं. तिचा उजवा कान त्यांच्याकडे आला होता हे ते विसरले होते.

"काही नाही. दूध ठेवतो."

"तिने माझ्याही आधी ऐकलं असेल," मावशी म्हणाली. "जा. साखर कमी घाल."